तांबड्या पलीकडचा प्रकाश

डोक्यावर घालावयाचा एक हलका टोप; त्याच्या आंतल्या बाजूस बसविलेले बारीक बारीक दिवे; आणि त्या दिव्यांतून निघणारा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. असा टोप रोज कांहीं मिनिटें घातला असतां स्मरण सुधारतें, मन स्थिर होतें, अर्धांगवायूनें गेलेली वाचा परत येण्यास साहाय्य होतें, अशीं आश्वासनें आज जगाच्या बाजारांत ऐकूं येतात. ज्या घरांत वडील माणूस स्वतःच्या मुलांचीं नांवें विसरूं लागलें आहे, किंवा कर्ता पुरुष एका रात्रींत अंथरुणाला खिळला आहे, त्या घरास अशा आश्वासनाचा मोह पडणें अगदीं स्वाभाविक आहे. परंतु त्या आश्वासनाचें मोल ठरवावयाचें, तर जाहिरातीपेक्षां इतिहासाकडे वळणें अधिक उपयोगाचें. हा इतिहास सव्वादोनशें वर्षांचा आहे, आणि त्याच्या आरंभींच या साऱ्या प्रकरणाची किल्ली ठेवलेली आहे.

विल्यम हर्शेल हे जन्मानें जर्मन आणि पेशानें आरंभीं संगीतज्ञ. १७३८ सालीं हॅनोव्हर येथें जन्मलेले हे गृहस्थ इंग्लंडांत आले, बाथ शहरीं ऑर्गन वाजवूं लागले, आणि रात्रीं स्वतः घडविलेल्या दुर्बिणींतून आकाश न्याहाळूं लागले. १७८१ सालीं युरेनस ग्रह त्यांना सांपडला व त्यांचें नांव सर्वत्र झालें. पुढें स्लाउ या गांवीं राहून सूर्याचें निरीक्षण करतांना, डोळे वांचावे म्हणून ते निरनिराळ्या रंगांच्या कांचा वापरीत. तेव्हां त्यांच्या ध्यानांत एक चमत्कारिक गोष्ट आली. कांहीं कांचांतून प्रकाश थोडा येई, पण उष्णता पुष्कळ लागे; कांहींतून प्रकाश भरपूर येई, पण उष्णता फारशी जाणवत नसे. प्रत्येक रंगाची उष्णता निराळी असेल काय, अशी शंका त्यांना आली.

१८०० सालीं त्यांनीं ती शंका कसोटीस लावली. लोलकांतून सूर्यकिरण जाऊं देऊन त्याचा वर्णपट टेबलावर पाडला आणि एकेका रंगांत उष्णतामापक ठेवून पारा किती चढतो तें पाहिलें. जांभळ्या रंगांत तो २ अंश चढला, हिरव्यांत सव्वातीन अंश, आणि तांबड्यांत जवळ जवळ ७ अंश. हे अंश अर्थात् फॅरनहाइटचे. नंतर त्यांनीं उष्णतामापक तांबड्या पट्ट्याच्याही पलीकडे, जेथें डोळ्यांना कांहींच दिसत नव्हतें अशा जागीं ठेवला. पारा तेथेंही चढला, आणि तांबड्यांतल्यापेक्षां अधिक चढला! सूर्यप्रकाशाचा एक भाग मनुष्याच्या डोळ्यांना दिसतच नाहीं, हें त्या दिवशीं उघड झालें. यालाच पुढें अवरक्त किरण असें नांव पडलें.

या प्रयोगांतील एक बारीक गोष्ट सहसा सांगितली जात नाहीं. हर्शेल यांनीं एक उष्णतामापक किरणांत ठेवला, पण त्याच वेळीं दुसरे दोन त्याच्या शेजारीं, किरणांच्या बाहेर, ठेवले होते. हे बाहेरचे उष्णतामापक नसते, तर पारा किरणांमुळें चढला कीं खोलीच हळूहळू तापत होती, हें कोणासही सांगतां आलें नसतें. ज्यावर प्रकाश पडत नाहीं असा एक साक्षीदार शेजारीं हवाच. प्रकाशचिकित्सेचा पुढचा सारा इतिहास म्हणजे या साक्षीदाराची आठवण ठेवण्याचा आणि ती विसरण्याचा इतिहास होय.

औषध म्हणून प्रकाशाला शास्त्राच्या मंदिरांत मानाचें स्थान मिळवून दिलें तें नील्स फिन्सेन यांनीं. १८६० सालीं फेरो बेटांवर जन्मलेले हे डॅनिश वैद्य स्वतः दुर्धर आजारानें गांजलेले होते. त्वचेचा क्षय हा त्या काळीं चेहरा विद्रूप करून टाकणारा भयंकर रोग. विजेच्या कमानदिव्याचा प्रकाश भिंगांनीं एकवटून, त्यांतील उष्णता पाण्यानें शोषून घेऊन, तो रोग्याच्या व्रणावर पाडण्याची पद्धत त्यांनीं बसविली. १८९६ सालीं कोपनहेगन येथें त्यांच्या प्रकाशसंस्थेची स्थापना झाली. १९०३ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. आणि दुसऱ्याच वर्षीं, वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षीं, ते निवर्तले. त्यांच्या उपचारांत काम करी तो वर्णपटाच्या दुसऱ्या टोंकाचा, निळ्या व जांभळ्यापलीकडचा प्रकाश.

परंतु याच फिन्सेन यांनीं १८९३ सालीं आणखी एक उपाय सुचविला होता. देवीच्या रोग्यास तांबड्या पडद्यांच्या खोलींत ठेवावें, म्हणजे फोड चिघळत नाहींत व व्रण राहत नाहींत, असें त्यांचें मत होतें. कल्पना अगदींच नवी नव्हती. चौदाव्या शतकांत जॉन ऑफ गॅडेस्डेन या इंग्रज वैद्यानें देवी आलेल्या राजपुत्रास तांबड्या वस्त्रांत गुंडाळून बरें केल्याचें लिहून ठेवलें आहे. युरोपांत कांहीं ठिकाणीं अशा तांबड्या खोल्या सजल्या आणि गुण आल्याच्या वार्ताही प्रसिद्ध झाल्या. पण ज्या रोग्यांना साध्या खोलींत ठेवलें त्यांच्याशीं तुलना होऊं लागली, तेव्हां फरक दिसेनासा झाला आणि ती पद्धत मागें पडली. १९८० सालीं देवीचा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें, तें लशीच्या पुण्याईनें. तांबड्या पडद्यांच्या नव्हे. एकाच बुद्धिमान् पुरुषाचा एक उपाय खरा ठरला आणि दुसरा गळून पडला. दोहोंमध्यें निवाडा केला तो कीर्तीनें नव्हे, तुलनेनें.

आतां प्रश्न असा कीं, तांबड्या व त्याच्या लगतच्या अवरक्त प्रकाशाचा मेंदूशीं संबंध आला कोठून? त्याचा धागा पेशीच्या श्वसनांत सांपडतो. चार्ल्स मॅकमन या वैद्यानें १८८० नंतरच्या दशकांत प्राण्यांच्या स्नायूंत प्रकाश शोषून घेणारें एक रंगद्रव्य पाहिलें होतें. परंतु तत्कालीन मोठ्या पंडितांनीं तें झिडकारलें. सुमारें चाळीस वर्षांनीं, १९२५ सालीं, केंब्रिज येथील डेव्हिड कायलिन यांनीं कीटकांच्या स्नायूंत व यीस्टमध्यें तेंच द्रव्य पुन्हां पाहिलें आणि त्यास सायटोक्रोम हें नांव दिलें. पेशी प्राणवायु वापरते ती या द्रव्यांच्या साखळीमार्फत. त्याच सुमारास बर्लिन येथें ओटो वारबुर्ग यांनीं एक मनोवेधक प्रयोग केला. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूनें यीस्टचें श्वसन कोंडलें जातें. पण त्यावर प्रकाश पाडला कीं तें पुन्हां चालू होतें. श्वसनाचें शेवटचें द्वार उघडणाऱ्या विकरास विषानें घट्ट धरलेलें असतें, आणि प्रकाश ती पकड सोडवितो, असा याचा अर्थ. १९३१ सालीं वारबुर्ग यांना नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. प्रकाश डोळ्यांवांचूनही सजीव पेशीच्या अंतरंगांत हात घालूं शकतो, ही गोष्ट तेव्हांच सिद्ध झाली होती. तिचा औषधाशीं कांहीं संबंध असेल हें मात्र त्या वेळीं कोणाच्या स्वप्नींही नव्हतें.

१६ मे १९६० रोजीं अमेरिकेंतील थिओडोर मैमन यांनीं माणकाच्या कांडीपासून पहिला लेझर किरण काढला. तो तांबडा होता. लेझरनें कॅन्सर होतो कीं काय, हें पाहण्यासाठीं हंगेरींतील बुडापेस्ट येथें एंद्रे मेश्तर या शल्यवैद्यांनीं उंदरांच्या पाठी भादरल्या आणि कांहींवर सौम्य लेझर सोडला. बाकीचे उंदीर तुलनेसाठीं तसेच ठेवले. कॅन्सर तर झाला नाहींच. उलट ज्यांवर किरण पडला होता त्यांच्या पाठीवरील केंस इतरांच्या आधीं उगवले. हें वृत्त १९६७ सालीं प्रसिद्ध झालें. येथेंही साक्षीदार हजर होता. भादरलेले दुसरे उंदीर शेजारीं नसते, तर केंस लवकर उगवले हें समजलेंच नसतें. पुढें मेश्तर यांनीं न भरणाऱ्या जखमांवर हा प्रकाश वापरून पाहिला.

सौम्य प्रकाशानें पेशी उत्तेजित कां व्हावी? रशियांतील टीना कारू या विदुषींनीं निरनिराळ्या रंगांचा प्रकाश पेशींवर पाडून कोणत्या रंगानें परिणाम अधिक होतो हें मोजलें, आणि १९८० नंतरच्या दशकांत असें सुचविलें कीं, हा प्रकाश टिपून घेणारें द्रव्य म्हणजे सायटोक्रोम साखळीचें शेवटचें विकर, सायटोक्रोम ऑक्सिडेझ, हेंच असावें. या विकरांत लोह आणि तांबें आहे, व त्यांतील तांब्याचे अणु समीप अवरक्त प्रकाश शोषून घेतात. थकलेल्या वा जखमी पेशींत नायट्रिक ऑक्साइड हा वायु या विकरास अडवून धरतो व प्रकाश ती अडवणूक दूर करतो, अशी उपपत्ति पुढें मांडण्यांत आली. वारबुर्ग यांच्या यीस्टची येथें सहज आठवण होते. ही उपपत्ति आकर्षक आहे. पण ती पूर्ण नाहीं. हें विकर ज्यांत नाहीं अशा पेशींचीही वाढ तांबड्या प्रकाशानें झाल्याचें २०१९ सालीं दाखविण्यांत आलें. शिवाय प्रकाश थोडा दिला तर गुण दिसतो, आणि फार दिला तर तो नाहींसा होतो किंवा उलटतो, असेंही प्रयोगशाळेंत वारंवार आढळलें आहे. औषधाची मात्रा असते तशीच प्रकाशाचीही.

या विचाराचा मेंदूशीं विशेष संबंध येतो तो एका साध्या कारणानें. मनुष्याच्या वजनांत मेंदूचा वांटा शंभरांत सुमारें २. पण विसांवा घेत असतांनाही शरीर जो प्राणवायु खर्च करतें, त्यांतील सुमारें २० भाग मेंदू एकटा घेतो. असा हा भुकेला अवयव; त्याच्या पेशींचें श्वसन जर प्रकाशानें सुधारत असेल, तर अर्धांगवायु, डोक्यास झालेली इजा, स्मृतिभ्रंश यांत त्याचा उपयोग कां होऊं नये? मात्र मेंदू कवटीच्या पेटींत बंद आहे. तेथें प्रकाश शिरणार कसा?

या प्रश्नाचें उत्तर १९७७ सालीं मिळालें. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांतील फ्रान्स योबसिस यांनीं असें दाखविलें कीं, समीप अवरक्त प्रकाश कातडी व कवटी भेदून मेंदूपर्यंत जातो आणि परत येऊन तेथल्या प्राणवायूचें वृत्तही सांगतो. रक्तांतील तांबडें द्रव्य दृश्य प्रकाश गिळून टाकतें. फार दूरचा अवरक्त प्रकाश पाणी गिळतें. पण या दोहोंमध्यें, सुमारें ६५० ते ९५० नॅनोमीटर लांबीच्या लहरींसाठीं, निसर्गानें एक खिडकी उघडी ठेविली आहे. श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं या खिडकीचा उपयोग स्वतः केलेला आहे. कोरोनाच्या साथींत घरोघर बोटाला चिमट्याप्रमाणें लावून प्राणवायूचें प्रमाण सांगणारें जें लहानसें यंत्र आलें, तें बोटांतून तांबडा व अवरक्त असे दोन प्रकाश पाठवूनच आपलें काम करतें. त्याचें मूळ तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनीं १९७४ सालीं शोधून काढलें. परंतु बोट निराळें आणि डोकें निराळें. डोक्याच्या कातडीवर पडलेल्या प्रकाशाचा फारच थोडा अंश मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत पोंचतो, आणि मेंदूच्या खोल भागांत तर नांवापुरताच. खिडकी आहे, पण ती अरुंद आहे.

तरीही आशा वाढावी असे पुरावे येत गेले. अंतराळांत रोपें वाढविण्यासाठीं तयार केलेल्या दिव्यांचा उपयोग वैद्यकांत होऊं लागला. २००३ सालीं अमेरिकेंत एक प्रयोग प्रसिद्ध झाला: मेथिल अल्कोहोल या विषानें उंदरांचें दृष्टिपटल निकामी होत असतांना त्यांवर ६७० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश दिला, तेव्हां त्यांची दृष्टि बऱ्याच अंशीं वांचली. दृष्टिपटल हें गर्भावस्थेंत मेंदूपासूनच निघालेलें. म्हणून या प्रयोगाचें महत्त्व मोठें. कृत्रिम रीतीनें अर्धांगवायु घडविलेले ससे व उंदीरही प्रकाशानें अधिक सुधारलेले आढळले.

मग मनुष्यांची पाळी आली. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून २४ तासांच्या आंत रोग्याचें डोकें भादरावयाचें, ठरविलेल्या २० जागांवर प्रत्येकीं २ मिनिटें ८०८ नॅनोमीटरचा लेझर धरावयाचा, असा हा उपचार. पण अर्ध्या-अधिक गोष्टीचें श्रेय तर केवळ आशेलाच जातें! म्हणून कांहीं रोग्यांचेंही डोकें भादरलें जाई, यंत्रही धरलें जाई, फक्त किरण सोडला जात नसे. आणि कोणास खरा उपचार मिळाला व कोणास लटका, हें ना रोग्यास ठाऊक ना तपासणाऱ्या वैद्यास. हर्शेल यांचे बाहेरचे उष्णतामापक येथें माणसांच्या रूपानें उभे राहिले. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या पहिल्या परीक्षेंत १२० रोगी होते. खऱ्या उपचाराच्या गटांत शेंकडा ७० जण चांगले सुधारले, लटक्याच्या गटांत शेंकडा ५१. आशा पालवली. २००९ सालीं दुसरी परीक्षा प्रसिद्ध झाली. तींत ६६० रोगी होते व यशाची कसोटी निराळी होती. आतां आंकडे आले शेंकडा ३६ आणि शेंकडा ३१. फरक उरला, पण तो योगायोगाचा नाहीं असें छातीठोकपणें म्हणण्याइतका उरला नाहीं. तिसऱ्या परीक्षेसाठीं १००० रोग्यांची योजना होती. २०१२ सालीं मध्येंच हिशेब पाहिला, तेव्हां दोन्ही गटांत कांहींच फरक नव्हता. पुढें जाण्यांत अर्थ नाहीं असें ठरून ती परीक्षा थांबविण्यांत आली.

ही निराशेची कथा खरी. पण तींत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. ज्या रोग्यांनीं लटका उपचार पत्करला, त्यांनीं आपल्यामागून येणाऱ्या हजारों घरांचा पैसा आणि त्याहून मोलाचा वेळ वांचविला. अर्धांगवायूच्या झटक्यानंतरचे पहिले कांहीं तास हे रक्ताची गुठळी विरघळविणाऱ्या अथवा काढून टाकणाऱ्या सिद्ध उपचारांचे तास आहेत. ते प्रकाशाच्या भरंवशावर दवडले असते, तर केवढी हानि झाली असती!

प्रकाशचिकित्सा मात्र त्यामुळें संपली नाहीं. कॅन्सरच्या उपचारांत तोंडास पडणाऱ्या वेदनादायक व्रणांचा प्रतिबंध करण्यासाठीं, कांहीं ठराविक रोग्यांत, सौम्य प्रकाशाची शिफारस २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनांत केलेली आहे. २०२४ सालीं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें वार्धक्यांत दृष्टिपटलाचा मध्य झिजविणाऱ्या एका रोगासाठीं प्रकाश देणाऱ्या यंत्रास परवानगी दिली. मेंदूच्या बाबतींत पावलें अधिक सावध आहेत. बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्यें डोक्यास मध्यम स्वरूपाची इजा झालेल्या ६८ रोग्यांची परीक्षा २०२० सालीं प्रसिद्ध झाली. प्रकाशाचा टोप निर्धोक आढळला आणि मेंदूच्या चित्रांत कांहीं फरक दिसले. त्याच कार्याच्या पुढच्या अभ्यासांत, २०२४ सालीं, पहिल्या कांहीं आठवड्यांत मेंदूच्या निरनिराळ्या भागांतील दुवे प्रकाश मिळालेल्यांत अधिक वाढल्याचें दिसलें. चित्रांत दुवे वाढणें आणि रोगी पुन्हां आपल्या कामावर जाणें, यांत मात्र अंतर आहे. तें अंतर तोडण्यास इतकी थोडी माणसें पुरत नाहींत. कंपवाताचें मूळ मेंदूच्या तळाशीं. बाहेरून प्रकाश तेथें पोंचत नाहीं, म्हणून फ्रान्समधील ग्रेनोबल येथें बारीक प्रकाशतंतु थेट मेंदूंत बसवून पाहण्याचा प्रयोग हातीं घेण्यांत आला. अल्झायमरच्या स्मृतिभ्रंशांत झालेल्या मनुष्यांवरील परीक्षा बहुतांशीं लहान आहेत. त्यांवरून आशा बाळगतां येते, निर्णय देतां येत नाहीं.

तेव्हां टोपाच्या जाहिरातीसमोर उभ्या असलेल्या कुटुंबानें काय करावें? समीप अवरक्त प्रकाश ही भोंदूगिरी नव्हे. तो कवटींतून कांहीं अंशीं आंत जातो, पेशींवर परिणाम करतो, आणि योग्य मात्रेंत दिला असतां त्यापासून गंभीर अपाय झाल्याचें परीक्षांत दिसलें नाहीं. पण तो मनुष्याच्या मेंदूचा रोग बरा करतो, हें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं. म्हणून चालू असलेलें औषध, रक्तदाबाची काळजी, व्यायाम, वाचा-उपचार यांपैकीं एकही गोष्ट त्या टोपासाठीं सोडूं नये. आणि टोप घ्यावयाचाच, तर आपल्या वैद्यास विचारून घ्यावा. विक्रेत्यास प्रश्न मात्र एकच विचारावा: “ज्यांना हा प्रकाश दिला नाहीं, त्यांचें काय झालें?” या प्रश्नाला ज्याच्यापाशीं आंकड्यांचें उत्तर नाहीं, त्याच्यापाशीं किरणांत ठेवलेला एकच उष्णतामापक आहे, खोली तापते आहे कीं किरण तापवितो आहे, हें त्याचें त्यालाही ठाऊक नाहीं.

स्लाउच्या त्या खोलींत टेबलावर तीन उष्णतामापक होते. नवा किरण ज्यांत सांपडला तो जगाच्या ध्यानांत राहिला. परंतु त्या शोधावर विश्वास ठेवतां आला तो शेजारच्या दोहोंमुळें.